बाखचा तिसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो: नऊ तंतुवाद्यं सुटी सुटी कशी ऐकावीत, ध्वनिमुद्रण कसं निवडावं

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याचा तिसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यसमूहासाठीची तीन भागांची रचना, दहा-अकरा मिनिटांत संपतो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत फारसं न ऐकणाऱ्यालाही त्याची सुरुवात ओळखीची वाटण्याचा संभव असतो. अडचण तिथेच होते. ओळखीची धून कानावर पडली की लक्ष आपोआप पहिल्या व्हायोलिनमागे जातं आणि बाकी सगळी वाद्यं साथीला बसल्यासारखी मागे राहतात.

या रचनेत साथ अशी नाहीच. तीन व्हायोलिन, तीन व्हायोला, तीन चेलो अशी नऊ तंतुवाद्यं आहेत, आणि त्यांच्याखाली बेस आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) यांचा पाया. मुख्य गायक कुणी नाही, एकलवादकही नाही. नवांनाही स्वतःचं काही म्हणायचं आहे आणि ते आळीपाळीने म्हणतात. त्यामुळे ही रचना ऐकताना आणि तिचं ध्वनिमुद्रण निवडताना माझा एकच निकष असतो: मधल्या तीन व्हायोला ऐकू येतात का? व्हायोलिन वरच्या पट्टीमुळे कानावर येतातच, चेलो खर्जामुळे जाणवतात. बुडतात त्या व्हायोला. त्या ऐकू आल्या की बाकीची सहा वाद्यं आपोआप उलगडतात.

बाख स्वतः समूहात बसला की व्हायोला वाजवणं पसंत करायचा, असं त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने लिहून ठेवलं आहे. वरचे आणि खालचे सूर दोन्हीकडून ऐकू यावेत अशी ती मधली जागा.

थोडी पार्श्वभूमी

बाख १७१७च्या अखेरीपासून जर्मनीतल्या क्योथेनच्या राजकुमार लेओपोल्डच्या दरबारात संगीतप्रमुख होता. हा राजकुमार स्वतः व्हायोलिन आणि व्हिओला दा गांबा (पायांत धरून वाजवायचं जुनं तंतुवाद्य) वाजवणारा. दरबार कॅल्व्हिनपंथी, म्हणजे चर्चमध्ये साधंच संगीत ठेवणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा असल्यामुळे चर्चसाठी मोठ्या रचना करण्याची गरज नव्हती. साहजिकच बाखचा भर वाद्यसंगीतावर राहिला. २४ मार्च १७२१ या तारखेच्या फ्रेंच अर्पणपत्रिकेसह त्याने सहा कॉन्चेर्टो सुवाच्य अक्षरात उतरवून ब्रांडेनबुर्गचा मारग्राफ (ही एक जर्मन उमरावी पदवी) क्रिस्टियान लुडविग याला पाठवले. 'ब्रांडेनबुर्ग' हे नाव बाखचं नव्हे. ते एकोणिसाव्या शतकात चरित्रकार फिलिप श्पिटा याने रूढ केलं. ही हस्तलिखितं छापून लोकांसमोर आली तीही १८५० मध्ये, म्हणजे बाखच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी.

क्योथेनच्या आधी बाखने इटालियन संगीतकार व्हिवाल्डीचे कॉन्चेर्टो ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी उतरवून घेतले होते. तिथून त्याने एक रीत उचलली. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एक ठसठशीत तुकडा वाजवायचा, मग वेगवेगळ्या वाद्यांनी आपापलं काही मांडायचं, आणि मधून मधून तो तुकडा परत आणायचा. या तुकड्याला रितोर्नेलो म्हणतात. आपल्या बंदिशीच्या मुखड्यासारखाच त्याचा वावर असतो. हे लक्षात असलं की पहिला भाग ऐकायला पुरे.

पायरी १: नेमकी रचना शोधा, ॲप नीट लावून घ्या

शोधताना नावापेक्षा क्रमांक भरवशाचा. बाखच्या रचनांच्या सूचीत या कॉन्चेर्टोचा क्रमांक १०४८ आहे. रोमन लिपीत बी, डब्ल्यू, व्ही ही अक्षरं आणि पुढे हा आकडा टाका. रचना तीन ट्रॅकमध्ये दिसायला हवी: पहिला साडेपाच-सहा मिनिटांचा, दुसरा अगदी छोटा, तिसरा चार-पाच मिनिटांचा. काही ठिकाणी दुसरा ट्रॅक पहिल्याला किंवा तिसऱ्याला जोडलेला असतो. तसं असलं तरी बिघडत नाही.

आता ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन एक गोष्ट आवर्जून बघा. एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळवणारी, क्रॉसफेड नावाची सोय असते. ती बंद करा. ती चालू असेल तर या कॉन्चेर्टोचा मधला भाग अख्खाच्या अख्खा गिळला जाऊ शकतो, कारण तो काही सेकंदांचाच असतो. शफल बंद करा. ध्वनीचा दर्जा हवा तेवढा वाढवा, पण बास वाढवणारी इक्वलायझरची पट्टी काढून टाका. ती चेलो फुगवते आणि व्हायोला आणखी खाली दाबते.

हेडफोन वापरा. महागडे नसले तरी चालेल, फक्त डावा-उजवा कान अदलाबदल झालेला नको. बऱ्याच मुद्रणांत व्हायोलिन डावीकडे, व्हायोला मधे आणि चेलो उजवीकडे मांडलेले असतात, आणि ही मांडणीच अर्धं काम करून जाते.

पायरी २: पहिल्यांदा बघा, मग ऐका

नऊ वाद्यं डोळ्यांनी वेगळी करणं सोपं, कानांनी अवघड. म्हणून सुरुवात व्हिडिओने करावी. दोन व्हिडिओ मी कुणालाही बिनदिक्कत सुचवेन.

नेदरलँड्सच्या बाख सोसायटीने बाखची सगळी रचनासंपदा चित्रित करून विनामूल्य उपलब्ध करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्यातला हा कॉन्चेर्टो यूट्यूबवर सहज सापडतो. दुसरा व्हिडिओ फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्राचा. तो क्योथेनच्याच राजवाड्यातल्या आरसेमहालात चित्रित केला आहे, म्हणजे बाख जिथे नोकरीला होता त्याच वास्तूत. व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणारे उभे आहेत, एका ओळीला एकच वादक. कॅमेरा धूनीच्या मागे फिरत राहतो, त्यामुळे ती कुणाकडून कुणाकडे गेली हे कळतं.

बघताना एवढंच करा: प्रत्येक वेळी गज जोरात चालवणारा वादक कोण, हे शोधत राहा. एका बैठकीत सगळे सापडणार नाहीत. व्हायोलावाल्यांकडे मुद्दाम बघा. व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य, पण धरायची पद्धत तीच, त्यामुळे नवख्याची गल्लत होते.

पायरी ३: पहिला भाग

बाखने पहिल्या भागावर लय लिहिलेली नाही. आज सगळे तो द्रुत वाजवतात. एकूण १३६ मापं (माप म्हणजे आपल्या आवर्तनासारखा तालाचा तुकडा), प्रत्येकात चार ठोके.

जी मेजर हा या कॉन्चेर्टोचा स्वर, म्हणजे हार्मोनियमवर पांढरी पाच. तिला षड्ज माना आणि पहिले तीन सूर गुणगुणा: सा-नी-सा, दोन झटपट आणि तिसरा जरा लांब. या तीन सुरांच्या ठिणगीवर संपूर्ण भाग उभा आहे. पुढच्या पाच-सहा मिनिटांत ही लय तुमच्या कानाला क्वचितच सोडते.

पहिली आठ मापं म्हणजे रितोर्नेलो, साधारण वीस सेकंद. इथे एक गंमत लक्षपूर्वक ऐका: नऊ वादक वाजवत आहेत, पण ओळी तीनच आहेत. तिन्ही व्हायोलिन एकच ओळ वाजवतात, तिन्ही व्हायोला दुसरी, तिन्ही चेलो बेससह तिसरी. आवाज भरदार आणि एकसंध येतो.

वीस सेकंद झाली की गट फुटतात. तीच ठिणगी आधी व्हायोलिनांत, मग व्हायोलांत, मग चेलोंत अशी हातोहात खाली उतरते. हे उतरणं हेडफोनमध्ये डावीकडून उजवीकडे जाताना ऐकू येतं. मुद्रण पारखायची पहिली जागा हीच. मधली उडी, म्हणजे व्हायोलांची, जर व्हायोलिनांइतकीच ठसठशीत नसेल, तर ते मुद्रण बाजूला ठेवायला हरकत नाही. पुढे गट आणखी फुटतात. तीन व्हायोलिन एकमेकांशी बोलू लागतात, चेलो आपापसात भागीदारी करतात, आणि मधेच सगळे पुन्हा एका ओळीत येतात. एकत्र येणं आणि सुटं होणं, यातला ताण हाच या भागाचा खरा विषय आहे.

तीन मिनिटं उलटून गेल्यावर (मुद्रण साडेपाच-पावणेसहा मिनिटांचं असेल तर) कान टवकारा. ७८व्या मापाशी पहिलं व्हायोलिन एक नवीच चाल घेऊन पुढे येतं, तिच्या सोबत मूळ विषयही चालू असतो. मग दुसरं व्हायोलिन ती चाल उचलतं. इतका वेळ झाल्यावर, सगळं सांगून झालं असं वाटत असताना बाख नवा मुद्दा काढतो आणि तो जुन्याला चपखल बसवून दाखवतो. हा भाग मला आजही बसल्या जागी सरळ करतो. तिथून शेवटापर्यंत वीण दाट होत जाते.

पहिला भाग तीनदा ऐका. एकदा फक्त चेलो, एकदा फक्त व्हायोला, आणि तिसऱ्यांदा सगळं. व्हायोलिनसाठी वेगळी फेरी लागत नाही.

पायरी ४: दोन स्वरसंघात

आता या कॉन्चेर्टोची सगळ्यात चर्चेची जागा. मधल्या भागासाठी बाखने एकच माप लिहिलं आहे. वर 'अदाजिओ' (संथ) असा शब्द आणि खाली दोन स्वरसंघात, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचे दोन गट, ज्यांना कॉर्ड म्हणतात. बस. हस्तलिखितात हे माप पानाच्या मधेच आहे आणि लगेच पुढे तिसरा भाग सुरू होतो. म्हणजे पान गहाळ झालं आणि संथ भाग हरवला, ही शंका टिकत नाही. बाखला इथे एवढंच लिहायचं होतं.

हार्मोनियम किंवा कीबोर्ड जवळ असेल तर हे दोन संघात स्वतः वाजवून बघा. त्यासारखा खुलासा कुठल्याही लेखातून होणार नाही.

पहिला संघात: पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. तिन्ही एकदम दाबा, पांढरी एक सगळ्यात खाली ठेवा. दुसरा संघात: त्या पांढरी एकच्या लगेच डावीकडची, खालच्या सप्तकातली पांढरी सात, आणि तिच्यावर काळी दोन आणि काळी तीन.

पांढरी पाच षड्ज धरला तर काय झालं बघा. पहिल्या संघातात म, ध, रे आहेत, सगळे ओळखीच्या घरातले. दुसऱ्यात ग, कोमल ध, शुद्ध नी. खालचा सूर मध्यमावरून गंधारावर अर्ध्या स्वराने घसरला आणि वर शुद्ध धैवताची जागा कोमल धैवताने घेतली. हा कोमल धैवत पहिल्या भागाच्या घरचा नाही. तो आल्याबरोबर असं वाटतं की आता काहीतरी होणार, पुढचं वाक्य यायचं आहे. पाश्चात्त्य कानाला इथून पुढे पांढरी तीनच्या मायनरमध्ये, म्हणजे पांढरी तीन षड्ज धरलेल्या कोमल गंधाराच्या सप्तकात, जायची अपेक्षा असते. बाख तिकडे जात नाही. तो थांबतो आणि तिसरा भाग थेट मूळ षड्जावर सुरू करतो. दुसऱ्या संघातानंतर लगेच पांढरी पाच दाबा, मग पुढे पाच-सात-दोन हा मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराचा, संघात. तो उजेड हाताखाली जाणवतो.

मग वादक इथे काय करतात? त्यावर कुणाचंच एकमत नाही, आणि म्हणूनच मुद्रणं तुलना करायला मजा येते. ढोबळ मानाने चार मार्ग दिसतात. काहीजण लिहिलेले दोन संघात तेवढे वाजवून पुढे जातात. काहीजण पहिल्या संघातावर व्हायोलिनला थोडी मोकळीक देतात, तो चार-सहा हरकती घेतो आणि मग दुसरा संघात येतो. काही ठिकाणी ही मोकळीक हार्पसिकॉर्डला मिळते. चौथा मार्ग म्हणजे बाखच्याच दुसऱ्या एखाद्या रचनेतला संथ भाग इथे आणून बसवणं.

कुठल्या मुद्रणात काय आहे हे ऐकायच्या आधीच ओळखता येतं. दुसऱ्या ट्रॅकची लांबी बघा. पंधरा सेकंदांच्या आत असेल तर नुसते संघात. अर्धा ते एक मिनिट असेल तर कुणीतरी आलापी केली आहे. दोन मिनिटांच्या वर गेला असेल तर दुसरीकडचा भाग आणला आहे.

माझं मत स्पष्ट आहे: दोन संघात लहानशा सजावटीसह किंवा अगदी तसेच वाजवावेत. बाहेरून आणलेला संथ भाग कितीही सुंदर असला तरी तो त्या अर्धवट वाक्याचा ताण घालवतो. पण हे मत बनवण्याआधी दोन्ही प्रकार ऐका.

पायरी ५: तिसरा भाग, आणि पुनरावृत्तीचा हिशोब

इथे बाखने स्वतः 'अलेग्रो' (द्रुत) लिहिलं आहे. प्रत्येक मापात चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे, त्यामुळे चाल दादऱ्याच्या अंगाने झुलते. वेग मात्र भन्नाट. व्हायोलिन एकामागून एक त्याच धावत्या ओळीने आत येतात, व्हायोला मागोमाग. तिन्ही चेलो मात्र आता वेगळे होत नाहीत, बेसबरोबर एकच ओळ धरून पळतात. पहिल्या भागात जी चेलोंची आपापसातली देवाणघेवाण होती ती इथे शोधत बसू नका. इथे कान वरच्या सहा वाद्यांवर ठेवा. उत्तरार्धात पहिली व्हायोला काही काळ ठळकपणे पुढे येते, ती जागा निसटू देऊ नका.

रचना दोन तुकड्यांत आहे. पहिला १२ मापांचा, दुसरा ३६ मापांचा, आणि दोन्ही पुन्हा वाजवायच्या खुणा आहेत. काही मुद्रणांत, विशेषतः जुन्या, दुसऱ्या तुकड्याची पुनरावृत्ती गाळलेली असते. लांबीवरून हेही कळतं. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत दोन्ही पुनरावृत्तींसह हा भाग पावणेपाच मिनिटांच्या किंचित पुढे जातो, दुसरी गाळली तर तीन मिनिटांत संपतो. ट्रॅक तीनच मिनिटांचा दिसला आणि वाजताना घाई वाटली नाही, तर पुनरावृत्ती गेली असं समजा.

मी पूर्ण पुनरावृत्ती असलेलं मुद्रणच घेतो. दुसऱ्या फेरीत कान आधीच तयार असतो, आणि चांगले वादक त्या फेरीत वजन थोडं बदलतात. पहिल्यांदा झाकलेली मधली ओळ दुसऱ्यांदा वर काढतात.

पायरी ६: कुठलंही मुद्रण पाच मिनिटांत पारखा

आता तुमच्याकडे अवजारं जमली आहेत. त्यात आणखी दोन.

*स्वर.* पहिल्या भागाचा शेवटचा सूर वाजला की हार्मोनियमवर षड्ज शोधा. पांढरी पाच लागली तर वाद्यं आजच्या प्रमाण स्वराला लावलेली आहेत. काळी तीन लागली तर मंडळी बाखच्या काळातली वाद्यं, किंवा त्यांच्या प्रतिकृती, त्या काळच्या मानल्या गेलेल्या अर्ध्या स्वराने खालच्या पट्टीत वाजवत आहेत. क्वचित पांढरी चारही लागते. स्कॉटलंडच्या ड्युनेडिन कन्सॉर्टसारख्या काही समूहांनी त्याहून खालचा स्वर घेतला आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या मुद्रणांना ही परीक्षा लावू नका, तबकडीच्या वेगाप्रमाणे स्वर इकडेतिकडे झालेला असतो.

पट्टी खाली गेल्याने आणि धातूच्या तारांऐवजी आतड्याच्या तातीच्या तारा आल्याने आवाजाचा पोत बदलतो. जुन्या घडणीचा गज हलका, बाहेरच्या बाजूला किंचित कमानदार. त्याने काढलेला सूर उठतो आणि लगेच विरतो, म्हणून दोन सुरांमध्ये हवा राहते. नऊ ओळी सुट्या ऐकू यायला ही हवाच लागते. याच कारणासाठी पहिलं मुद्रण जुन्या वाद्यांवरचं घ्यावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

*लय.* पहिल्या भागात ५४४ ठोके आहेत. ट्रॅकच्या मिनिटांनी भागा, मिनिटाला किती ठोके पडतात ते मिळेल. ५ मिनिटं ४० सेकंदांचा ट्रॅक म्हणजे ९६. ६ मिनिटं ४० सेकंदांचा म्हणजे ८२च्या आत. ९०च्या खाली लय गेली की तीन सुरांची ठिणगी जड होऊ लागते. वरची मर्यादा मात्र आकड्यात सांगता येत नाही. व्हायोला पुसट झाल्या की वेग जास्त झाला.

आणि वादकांची संख्या. एका ओळीला एक वादक असेल तर एकूण दहा-अकरा माणसं. क्योथेनच्या दरबारात सगळे मिळून वादक दीड डझनाच्या आसपास होते. त्यामुळे साठ-सत्तर जणांचा ताफा बाखच्या डोळ्यांसमोर असणं शक्यच नव्हतं.

पायरी ७: मुद्रणं, माझ्या क्रमाने

ट्रेव्हर पिनॉक आणि इंग्लिश कॉन्सर्ट यांचं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं मुद्रण पहिलं घ्या. आर्काइव्ह या कंपनीने ते काढलं. जुनी वाद्यं, लय चपळ पण श्वास राखून, आणि ओळी स्वच्छ. यात खोट काढायची झाली तर एवढीच, की ते फार नीटनेटकं आहे. पहिल्या ओळखीला तेच हवं असतं. पिनॉकने पुढे २००६-०७ मध्ये वेगळा समूह घेऊन सहाही कॉन्चेर्टो पुन्हा मुद्रित केले.

त्यानंतर लगेच राइनहार्ड ग्योबेल आणि मुझिका आंतिकुआ क्योल्न. तिसरा भाग असा सुसाट की पहिल्यांदा ऐकताना दम लागतो. मी हे मुद्रण रोजच्या ऐकण्यासाठी ठेवत नाही, पण ते ऐकल्याशिवाय या रचनेत किती दारू भरलेली आहे हे कळत नाही. त्याच ऊर्जेचं, पण लयीत जास्त खेळकर, असं मिलानच्या इल जार्दिनो आर्मोनिकोचं १९९०च्या दशकातलं मुद्रण आहे. या दोघांत मी मिलानवाल्यांना पसंती देईन. त्यांच्या व्हायोला चावऱ्या आहेत.

मग मागे जा. निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि व्हिएन्नाच्या कॉन्चेंटुस मुझिकुस यांचं १९६४चं मुद्रण जुन्या वाद्यांवरच्या सुरुवातीच्या संपूर्ण संचांपैकी एक. आज ते थोडं सावध वाटतं. नव्या पद्धतीने पहिलं पाऊल टाकणाऱ्यांचा तो सावधपणा आहे, तो समजून ऐकावा.

आधुनिक वाद्यांवरची दोन मुद्रणं जरूर हवीत. कार्ल रिश्टर आणि म्युनिक बाख ऑर्केस्ट्राचं १९६७चं, जे जोरकस आणि शिस्तीचं आहे, एखाद्या दगडी इमारतीसारखं. त्याच संचातल्या दुसऱ्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. आणि दुसरं, आडोल्फ बुशच्या चेंबर प्लेअर्सचं १९३५चं. बुश जर्मन, पण नाझी राजवटीत तिथे वाजवायचं नाही असं त्याने ठरवलं आणि हे मुद्रण लंडनमध्ये झालं. ध्वनी जुना, खरखर आहे, तरीही वादक एकमेकांचं ऐकून वाजवत आहेत हे पहिल्या मिनिटात कळतं. छोटा समूह असला की काय होतं, हे बुशने जुन्या वाद्यांची लाट येण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिलं. मला हे मुद्रण मनापासून प्रिय आहे.

बुशचाच एक शिष्य यहुदी मेनुहिन. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडून योग शिकलेला, त्यांची १९५२ मध्ये मुंबईत गाठ पडलेली, तोच हा व्हायोलिनवादक. त्याने बाथ महोत्सवाच्या ऑर्केस्ट्राबरोबर १९५०च्या दशकाच्या शेवटी हे कॉन्चेर्टो मुद्रित केले. त्यात दोन संघातांच्या जागी बाखच्याच ऑर्गनसाठीच्या सहाव्या ट्रिओ सोनाटाचा (तीन स्वतंत्र ओळींच्या रचनेचा) संथ भाग येतो. चौथ्या पायरीत सांगितलेला बाहेरून आणलेला भाग कसा वाटतो, हे तपासायला याहून चांगला नमुना नाही.

विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर आणि बर्लिन फिलहार्मोनिकचं १९३०चं मुद्रण शेवटी ठेवा. मोठा ताफा, रुंद लय. नऊ ओळी सुट्या ऐकायच्या असतील तर हे उपयोगाचं नाही. पण एका पिढीला बाख असाच भव्य ऐकू येत होता, आणि त्या भव्यतेत खोटेपणा नव्हता.

एक मुद्रण या रांगेत बसत नाही, पण माझ्या निकषावर ते अव्वल ठरतं. वेंडी कार्लोसने १९६८ मध्ये मूग सिंथेसायझरवर हा अख्खा कॉन्चेर्टो केला. त्या यंत्रातून एका वेळी एकच सूर निघायचा. म्हणून प्रत्येक ओळ वेगळी वाजवून, वेगळी मुद्रित करून एकावर एक चढवावी लागली. परिणाम असा की प्रत्येक ओळीचा रंग निराळा आणि एकही ओळ दुसरीला झाकत नाही. दोन संघातांच्या जागी कार्लोसने आपली स्वतःची रचना घातली आहे. स्ट्रीमिंगवर हे सहसा सापडत नाही, जुनी एलपी किंवा सीडी शोधावी लागते.

पायरी ८: स्वरलिपी उघडा, शक्य असेल तर वाजवा

आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुनी, स्वामित्वहक्क संपलेली प्रत विनामूल्य मिळते. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नसली तरी एकदा उघडाच. नऊ ओळी एकाखाली एक, आणि काळ्या ठिपक्यांची दाटी एका गटातून दुसऱ्या गटात सरकताना नुसत्या नजरेला दिसते. बोट ठेवून ऐकत जा. वाट चुकली तर पुढच्या एकत्र येण्याच्या जागी थांबा, तिथे प्रत्येक गटातल्या तिन्ही ओळी सारख्या दिसू लागतात आणि पुन्हा सूत्र सापडतं.

गोव्यात किंवा मुंबईत व्हायोलिन शिकणारं कुणी घरात असेल, तर त्याच साइटवरून सुट्या वाद्यांचे भाग उतरवून घ्या. तिसऱ्या व्हायोलिनचा भाग पहिल्यापेक्षा आवाक्यातला आहे. आधी तो एकट्याने बसवायचा, मग पिनॉकच्या नव्हे तर आधुनिक स्वरातल्या रिश्टरच्या मुद्रणाबरोबर वाजवायचा, नाहीतर अर्ध्या स्वराने भांडण होईल.

हे सगळं झाल्यावर पुढे दोन रचना ऐका. १७२९ मध्ये लाइपझिगला बाखने याच कॉन्चेर्टोचा पहिला भाग आपल्या १७४ क्रमांकाच्या कँटाटाच्या (गायन आणि वाद्यांसाठीच्या रचनेच्या) सुरुवातीला घेतला आणि नऊ तंतुवाद्यांत दोन हॉर्न आणि तीन ओबो ही फुंकवाद्यं मिसळली. तोच मजकूर नव्या रंगात ऐकताना मूळ ओळी ओळखता येतात का, ही तुमच्या कानाची परीक्षा. आणि दुसरी रचना सहावा ब्रांडेनबुर्ग, क्रमांक १०५१. त्यात व्हायोलिन एकही नाही. सगळ्यात वरच्या दोन ओळी व्हायोलांच्या हाती आहेत.